जुन्या सीड्या रद्दीत घालू नकोस

नाशिक,
शनिवार

प्रिय नंदू,


तुझं लांबलचक पत्र पोचलं. दुपारी सव्वातीनला मावळणारा सूर्य, गोठलेला समुद्र, बसथांब्यावर एकमेकांपासून दोन हात लांब उभे राहणारे फिनिश लोक, सगळं वाचलं. पण खरा मुद्दा तू शेवटच्या परिच्छेदात ठेवला होतास. विंडोज 10चा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला, तुझ्या चौथ्या पिढीच्या आय5ला विंडोज 11 दारातही उभं करत नाही, म्हणून त्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलंस. आणि आता माळ्यावरच्या खोक्यातले जुने आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, त्यावर चालतील का, हा प्रश्न.

चालतील. काही तर विंडोज 11वर चालले असते त्यापेक्षा नीट चालतील. आणि हे तू मला विचारतोस, नाशिकात बसलेल्याला? ज्या हेलसिंकीत 1991 साली विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं, तिथं राहतोस तू! असो. विचारलंच आहेस तर नीट सांगतो, चहा घेऊन बस.

आधी एक गोष्ट पक्की कर. गेमचे दोन भाग असतात. एक ती एक्झी, म्हणजे इंजिन: माउसचा क्लिक समजून घेणारं, पडद्यावर चित्र उमटवणारं यंत्र. दुसरा भाग डेटा: नकाशे, पात्रं, आवाज, संवाद. एक्झी विंडोज 98ला धरून लिहिलेली असते, ती म्हातारी होते. डेटा म्हातारा होत नाही. आपला लाडका बाल्डर्स गेट घे. त्याच्या फोल्डरमध्ये ‘चिटिन डॉट की’ नावाची फाइल आहे, ती सगळ्या मालाची सूची. ‘बिफ’ फाइलींत प्रत्यक्ष माल भरलेला. आणि ‘डायलॉग डॉट टीएलके’मध्ये गेममधलं प्रत्येक वाक्य, आपापल्या क्रमांकासकट. खलनायक गरजो की खानावळवाला कुरकुरो, शब्द तिथूनच येतात. मग या फाइली वाचू शकणारं नवं इंजिन कुणी लिहिलं, तर जुन्या एक्झीची गरजच उरत नाही. आणि लोकांनी ते लिहिलंय, नंदू. फावल्या वेळात, वर्षानुवर्षं.

म्हणून माझा क्रम असा. गेम हातात घेतला की आधी बघायचं, याचं मोकळं इंजिन आहे का. असेल तर तेच. नसेल तर विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन. स्टीमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला असेल तर वाइनवरच रचलेलं प्रोटॉन.

पहिल्या वाटेने जाणाऱ्यांत बाल्डर्स गेटचं घराणं सगळ्यात भाग्यवान. बायोवेअरचं इन्फिनिटी इंजिन: त्यावर 1998चा बाल्डर्स गेट, 1999चा प्लेनस्केप टॉर्मेंट, 2000चे आइसविंड डेल आणि बाल्डर्स गेट 2. या सगळ्यांसाठी जेमआरबी नावाचं इंजिन आहे, लिनक्सवर थेट चालणारं. यातली एक गंमत ऐक. बीमडॉग कंपनीने या मालिकेतल्या बहुतेक गेम्सच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. 2002च्या आइसविंड डेल 2ची मात्र निघाली नाही, कारण त्याचा मूळ सोर्स कोडच सापडला नाही! कंपन्या बदलल्या, हक्क इकडून तिकडे गेले, आणि त्या धांदलीत गेमचं मूळ लिखाण हरवलं. पण लोकांच्या घरातल्या सीड्यांवर डेटा होता. जेमआरबी तोच डेटा उचलतं आणि गेम उभा करतं. कंपनीकडे जे राहिलं नाही ते तुझ्यामाझ्यासारख्यांच्या कपाटात राहिलं.

तुझा बाल्डर्स गेट पाच सीड्यांचा, त्यामुळे थोडी हमाली आहे. पहिल्यांदा इन्स्टॉलर वाइनमधून चालवायचा, कारण बराचसा माल त्याच्या गाठोड्यात बांधलेला असतो. सीडी बदलायची वेळ आली की लिनक्स कधीकधी ट्रे सोडत नाही. म्हणून पाचही सीड्या आधी डिस्कवर उतरवून घे. मग ‘बाल्डर डॉट आयएनआय’ साध्या एडिटरमध्ये उघड. त्यात सीडी1, सीडी2 अशा ओळी दिसतील, त्यांच्यापुढे प्रत्येक सीडीचा पत्ता आहे. ते पत्ते कॉपी केलेल्या फोल्डरकडे वळव. यापुढे गुहेच्या तोंडाशी पोचल्यावर ‘तिसरी सीडी घाला’ हे ऐकावं लागणार नाही.

मोरोविंडचं तर याहून सोपं. 2002चा बेथेस्डाचा गेम, आणि त्यासाठी 2008पासून बनत आलेलं ओपनएमडब्ल्यू. त्याच्या लाँचरमध्ये विझार्ड आहे. त्याला सीडी दाखवली की तो इन्स्टॉलरची गाठोडी स्वतःच सोडतो, वाइनला हाकही मारावी लागत नाही. आणि आठवतं, त्या बेटावर चार पावलांपुढे नुसतं धुकं असायचं? ओपनएमडब्ल्यूमध्ये पार क्षितिजापर्यंतचा मुलुख दिसतो. तुझ्या लॅपटॉपची ग्राफिक्स जेमतेम आहेत, म्हणून तो आकडा हळूहळू वाढव. फॉलआउटच्या पहिल्या दोन भागांसाठी आणि डायब्लोसाठीही अशी इंजिनं आहेत: एकाला कम्युनिटी एडिशन म्हणतात, दुसरं डेव्हिल्यूशनएक्स. दोघांनाही तुझ्या मूळ डेटा फाइली लागतात, बाकी काही नाही.

आता वाइन. 1993मध्ये बॉब ॲमस्टाट आणि एरिक यंगडेल यांनी विंडोज 3.1चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालावेत म्हणून सुरू केलं. 1994पासून अलेक्झांद्र ज्युलियार सांभाळतोय. 1.0 आवृत्ती यायला 2008 उजाडलं, म्हणजे पंधरा वर्षं! वाइन तुझ्या लॅपटॉपमध्ये खोटा कॉम्प्युटर उभा करत नाही. गेम विंडोजला म्हणतो, ही फाइल उघड, ही खिडकी काढ, हा आवाज वाजव. वाइन त्या प्रत्येक मागणीला लिनक्सकडून उत्तर मिळवून देतं. प्रोसेसरच्या पातळीवर गेम थेटच पळतो, म्हणून वेग फारसा कमी होत नाही.

आणि विंडोजपेक्षा चांगलं कसं, तेही सांगतो. नव्वदच्या दशकातल्या कित्येक गेम्समध्ये खुद्द गेम 32 बिटांचा, पण इन्स्टॉलर 16 बिटांचा असायचा. 64 बिटांचं विंडोज 16 बिटांचं काही चालवतच नाही, त्यामुळे गेम धडधाकट असूनही तो सीडीबाहेर पडत नाही. वाइन तो इन्स्टॉलर बहुधा मुकाट्याने चालवतं. मायक्रोसॉफ्टचाच जुना माल मायक्रोसॉफ्टच्या नव्या घरी जात नाही आणि परक्याच्या घरी पाटावर बसतो.

वाइन वापरताना एक नियम पाळ: प्रत्येक गेमला वेगळा प्रीफिक्स. प्रीफिक्स म्हणजे एक फोल्डर, ज्यात छोटी सी ड्राइव्ह आणि स्वतःची रजिस्ट्री असते. इथे आपल्या आज्यांचं सोवळं पाळायचं: एका गेमसाठी ओतलेल्या डीएलएलचा हात दुसऱ्या गेमला लागता कामा नये. बिघडलं तर तो एकच फोल्डर पुसून नव्याने मांडायचा. पुसण्याआधी सेव्ह मात्र बाजूला काढ, कारण जुने गेम सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतात. हे सगळं हाताने करायचा कंटाळा असेल तर लुट्रिस किंवा बॉटल्स घे, ते प्रत्येक गेमची वेगळी मांडणी करून देतात.

बारीक कटकटी तीन आहेत.

पहिली, पडदा. यातले बरेच गेम 640 गुणिले 480 एवढ्याच खिडकीसाठी काढलेले. पूर्ण पडद्यावर चालवून मध्येच कोसळले तर डेस्कटॉपही तसाच ढब्बू होऊन बसतो. वाइनच्या सेटिंगमध्ये ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’ची खूण कर, गेम त्या चौकटीत राहील. 256 रंगांच्या काळातला एखादा गेम इंद्रधनुष्य ओकायला लागला, तर सीएनसी-डीड्रॉ नावाची डीएलएल त्याच्या फोल्डरमध्ये ठेव आणि वाइनला सांग की आधी तीच घे.

दुसरी, नावं. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात. वाइन ते सांभाळून घेतं, पण वाइनबाहेर मॉड, म्हणजे गेममध्ये लोकांनी केलेले बदल, घालताना एकाच ठिकाणी कॅपिटलातलं एक आणि स्मॉलमधलं एक अशी ‘ओव्हरराइड’ची दोन फोल्डर तयार होतात. मॉड एकात जातो, गेम दुसऱ्यात बघतो, आणि तू डोकं धरून बसतोस. सगळी नावं आधीच स्मॉल करून घे.

तिसरी खास आपल्यासाठी. फोल्डरला देवनागरीत ‘जुने खेळ’ वगैरे नाव देऊ नकोस. मला ठाऊक आहे, तू देशीलच. त्या काळचे प्रोग्रॅम प्रत्येक भाषेसाठी ठरवलेल्या कोडपेजवर चालायचे. ग्रीकला होतं, रशियनला होतं, देवनागरीला विंडोजने ते कधी दिलंच नाही. आपली लिपी थेट युनिकोडमध्ये आली. म्हणून जुन्या गेमला ‘जुने खेळ’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात आणि फाइल सापडत नाही म्हणून तो बंद पडतो. इंग्रजी अक्षरं, मध्ये मोकळी जागा नाही, एवढं पाळ.

प्रोटॉनबद्दल थोडक्यात. व्हॉल्व्हने ऑगस्ट 2018मध्ये वाइनवरच रचून स्टीममध्ये आणलं. त्याचं मोठं बळ डीएक्सव्हीके, जे गेमच्या डायरेक्ट3डी या विंडोजच्या ग्राफिक्स-भाषेतल्या मागण्या लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलतं. नव्या मशीनवर उत्तम. पण डीएक्सव्हीकेच्या 2.0पासूनच्या आवृत्त्यांना व्हल्कन 1.3 लागतं, आणि तुझ्या चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये ते पुरतं नाही. तेव्हा तुझ्याकडे प्रोटॉनचा हट्ट नको. वाइनचं स्वतःचं ओपनजीएलवालं भाषांतर या वयाच्या गेम्सना पुरतं.

वाइनवाल्यांत आधी कुठला खेळायचा विचारशील तर व्हँपायर: ब्लडलाइन्स. ट्रॉइका कंपनीचा, व्हॉल्व्हच्याच सोर्स इंजिनवर बांधलेला, आणि हाफ-लाइफ 2च्या दिवशीच, 16 नोव्हेंबर 2004ला बाजारात आला. अर्धवट भाजलेला होता, खपला नाही, 2005मध्ये ट्रॉइका बंद पडली. त्यानंतर जर्मनीतला व्हेर्नर श्पाल नावाचा रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याचा अनधिकृत पॅच काढत राहिला. तुटके संवाद जोडले, फाइलींत पडून राहिलेल्या वस्तू गेममध्ये परत आणल्या. मूळ गेम आजच्या भरपूर रॅमच्या मशीनवर ‘मेमरी 15 एमबीपेक्षा कमी आहे’ म्हणून रडतो, कारण एवढी रॅम मोजायची त्याची तयारीच नाही! पॅच टाकला की रडणं थांबतं. त्याशिवाय हा गेम सुरूही करू नकोस.

एका ठिकाणी मात्र वाइनही पुष्कळदा हात टेकतं: सेफडिस्कसारखी कॉपी-संरक्षणं. त्यांचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात शिरायचा. सुरक्षेला भोक पडतं म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज 10मधून त्याला हाकलला, आणि सीडी खरी असूनही गेम ती मानेना. अशा गेमसाठी सीडीशी झटापट करू नकोस, जीओजीवरून पुन्हा विकत घे. 2008मध्ये ते सुरू करणारी पोलंडची सीडी प्रोजेक्ट मुळात परदेशी गेम पोलिश भाषेत आणणारी कंपनी, बाल्डर्स गेटही तिनेच आणला. तिथले इन्स्टॉलर कुलुपाविना मिळतात, उतरवून ठेवता येतात. वाइनलाही शिवायचं नसेल तर इनोएक्स्ट्रॅक्ट नावाचं साधन तो इन्स्टॉलर सोलून फाइली बाहेर काढतं, आणि त्या थेट जेमआरबीला किंवा ओपनएमडब्ल्यूला देता येतात.

माझं मत विचारशील तर जुना गेम जपायचा म्हणजे जुनं विंडोज जपायचं, हा हट्ट आपण सोडला पाहिजे. डेटा सांभाळायचा. इंजिन लिहिणारे आजही आहेत, उद्याही कुणीतरी येईल. पण डेटाच नसेल तर त्यांनी काय चालवायचं? सीडीवरचा थर झिजतो, ड्राइव्ह तर नव्या लॅपटॉपमधून गेलेच. म्हणून या आठवड्यात खेळायला बसण्याआधी खोक्यातली प्रत्येक सीडी डिस्कवर उतरव, एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर ठेव. मग जेमआरबी आणि बाल्डर्स गेटपासून सुरुवात कर. अडलास तर वाइन टर्मिनलमधून चालव आणि तिथे उमटणारा मजकूर जसाच्या तसा मला पाठव. ‘चालत नाही रे’ एवढंच लिहून पाठवलंस तर उत्तर मिळणार नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना अनेक आशीर्वाद. त्यांना मोरोविंड दाखव, डोळे विस्फारतील. ब्लडलाइन्स मात्र ती झोपल्यावरच.

तुझा,
श्री