जाळीमागचा राखणदार

जीप चेरोकीच्या पुढच्या उभ्या पट्ट्यांच्या जाळीतून आत डोकावलं, की एसीच्या कंडेन्सरच्याही पुढे, एका बाजूला तो दिसतो. २८ सेंटिमीटर रुंद, १९ सेंटिमीटर उंच, जाडी जेमतेम दोन सेंटिमीटर. अॅल्युमिनियमचा, वरून काळा. फिनांच्या बारीक घड्यांत मेलेले किडे अडकलेले, एका कोपऱ्यात खडा लागून दोन-तीन फिना दुमडलेल्या. त्याला आवाज नाही, फिरणारा भाग नाही, वीज लागत नाही. दोन नळ्या त्याला येऊन मिळतात. एकीतून तेल तापून येतं, दुसरीतून निवून जातं. गाडी त्याच्यामुळे तसूभरही जोरात पळत नाही. ती कारखान्यातून आली तेव्हा तो तिच्यात नव्हता. तिचं वय झाल्यावर बसवला. तरी या गाडीच्या सगळ्या भागांत माझा जीव आहे तो या गिअरबॉक्सच्या कूलरवर.

गाडी मामांची. ते दक्षिण कॅलिफोर्नियात राहतात आणि नव्वदच्या दशकातली चेरोकी त्यांनी आजवर सोडलेली नाही. चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि त्याच्या मागे चार गिअरचा ऑटोमॅटिक, एडब्ल्यू-४ नावाचा, जपानी आयसिन-वॉर्नरचा. १९८७ पासून २००१ पर्यंत हीच जोडी या गाडीत येत राहिली. दोन्ही चिवट. नीट सांभाळलं तर दोन्ही मालकाला दगा देत नाहीत. यातल्या इंजिनाला सांभाळणारे पुष्कळ असतात. गिअरबॉक्सकडे मात्र तो बिघडेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो कशानं? हातानं गिअर टाकायच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. तो पकडला की दोघं एकत्र फिरतात. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि ताकद पोहोचवण्याचं काम तेल करतं. इंजिनाच्या बाजूची पाती तेल भिरकावतात, त्या माऱ्यानं गिअरबॉक्सच्या बाजूची पाती फिरतात. दोघांच्या वेगात फरक पडतो, आणि फरक जितका जास्त तितकं तेल घुसळून तापतं. सपाट रस्त्यावर एका वेगानं जाताना कन्व्हर्टरमधला लॉक लागतो, फरक मिटतो, तेल निवांत असतं. चढ लागला, पेडल दाबलं, की लॉक सुटतो. मग घुसळण चालू.

हे तेल साधारण ८० अंश सेल्सियसला सुखात असतं. त्यापुढे दर ११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. ११५ अंशांच्या पुढे गेलं की तेलातून चिकट, तपकिरी थर सुटतो आणि झडपांवर बसतो. आणखी वर रबरी सील कडक होतात, १५० च्या सुमारास गिअरबॉक्सच्या आतल्या, गिअर पकडणाऱ्या क्लचच्या प्लेटा जळायला लागतात. यातलं काहीही चालवणाऱ्याला दिसत नाही. मामांच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या पाण्याचा काटा आहे. गिअरबॉक्सच्या तेलाचा नाही.

लॉस एंजेलिसहून लास वेगसला जाताना मोहावी वाळवंटात बेकर नावाचं छोटं गाव लागतं. तिथे जगातलं सगळ्यात उंच थर्मामीटर उभं आहे, १३४ फुटांचं. १९१३ साली जवळच्या डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ५७ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं, त्याची आठवण म्हणून ही उंची. गाव सोडलं की चढ सुरू. सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये गाडी नऊशे मीटर वर जाते. एसी बंद करा, नाहीतर इंजिन तापेल, अशा पाट्या लागतात. रेडिएटरसाठी पाण्याची पिंपंही रस्त्याकडेला ठेवलेली असतात. हवेच्या उष्णतेसाठी एवढं मोठं थर्मामीटर, इंजिनासाठी पाट्या आणि पाणी. आणि त्याच चढाला, त्याच उन्हात, पायाखालच्या गिअरबॉक्समध्ये सगळ्यात जास्त घुसळण चाललेली असते, तिची खबर देणारं काहीच नाही. तिथे या काळ्या कूलरची किंमत कळते. मामा चढाच्या आधीच ओव्हरड्राइव्हचा चौथा गिअर काढून तिसरा लावतात, म्हणजे गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्यात सारखा हेलपाटत नाही. बाकीचं काम जाळीमागचा करतो.

कारखान्यानं काहीच सोय केलेली नसते असं नाही. रेडिएटरच्या टाकीतच एक छोटा कूलर असतो. गिअरबॉक्सचं तेल त्यातून फिरतं आणि बाहेरून इंजिनाचं पाणी त्याला वेढतं. युक्ती चांगली आहे, पण तिच्यात एक अडचण आहे: ते पाणीच तापलेलं असलं तर तेल त्याच्याहून गार कसं होणार? शिवाय रेडिएटर म्हातारा झाला आणि आतला पातळ पडदा फुटला, तर कूलंट तेलात शिरतं. मग डिपस्टिकवर लालचुटुक तेलाऐवजी गुलाबी, दुधाळ फेस येतो. त्या पाण्यानं प्लेटांवरच्या अस्तराचा गोंद सुटतो आणि गिअरबॉक्स संपतो. हे गिअरबॉक्सच्या दुरुस्तीवाल्यांनी फार वेळा पाहिलेलं मरण आहे.

म्हणून बसवताना मी मामांना म्हटलं, "मग रेडिएटर वगळूनच टाकू ना. तेल सरळ बाहेरच्या कूलरला देऊ."

"नको रे," ते म्हणाले. "हिवाळ्यात आपण बिग बेअरच्या डोंगरात जातो तेव्हा काय करशील? गार तेल जाड होतं. रेडिएटरचं पाणी तेलाला आधी ऊब देतं. आधी रेडिएटर, मग हा. परतीच्या नळीवर बसव."

परतीची नळी कोणती, हे त्यांनी हातानं शोधलं. गाडी थोडी फिरवून आणली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही नळ्यांना बोटं लावली. जास्त चटका देणारी ती गिअरबॉक्सकडून येणारी, कमी चटक्याची ती परत जाणारी. तीच कापायची. रेडिएटर बदलला तेव्हा जुना फेकून नवाच घातला होता, त्यामुळे आतल्या पडद्याची चिंता नव्हती. रेडिएटर जुनाच ठेवून हा क्रम लावायला ते तयार झाले नसते, आणि ते बरोबरच आहे.

या कूलरचा स्वभाव शांत, पण लाड पुरवावे लागतात. बाजारात त्याच्याबरोबर प्लास्टिकच्या काड्या मिळतात. त्या कंडेन्सरच्या फिनांतून आरपार घालून कूलर लटकवायचा. पाच मिनिटांचं काम. पण गाडी हादरते, काडी घासते, आणि कंडेन्सरला भोक पडून एसीचा गॅस जातो. मामांनी पत्र्याच्या दोन पट्ट्या वाकवल्या, गाडीच्या सांगाड्याला बोल्ट केल्या आणि कूलर कंडेन्सरपासून बोटभर पुढे, कुणालाही न टेकता उभा केला. नळ्यांची तोंडं वर ठेवली, म्हणजे आत हवा कोंडून राहत नाही. होज घेतला तो गिअरबॉक्सच्या तेलासाठीचाच. साधा पेट्रोलचा होज त्या उष्णतेत कडक होतो, तडकतो. सगळ्यात जास्त वेळ गेला तो कापलेल्या लोखंडी नळीच्या टोकाला. तिथे कड उचलून घ्यावी लागते, नाहीतर क्लिप कितीही आवळली तरी दाबानं होज निसटू शकतो. गिअरबॉक्सचा पंप आतलं तेल बघता बघता रस्त्यावर ओततो, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याचाच घात होतो. चार सांधे नव्यानं वाढतात, ते चारही मनापासून करावे लागतात. मामा त्या दिवशी त्या टोकावर इतका वेळ बसले की जेवण गार झालं. आजही तेल बदलताना ते आधी त्या चार क्लिपांवरून बोट फिरवतात.

नंतर तेल थोडं कमी पडतं, कारण ते कूलर आणि होज भरायला जातं. एडब्ल्यू-४ ची पातळी गरम असताना, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये पाहायची. डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टिपला तर निकोप तेल लाल दिसतं. जळालेलं तपकिरी, आणि त्याचा करपट वास लगेच नाकात जातो.

या तेलाच्या इतिहासात देवमासाही आहे. १९३९ मध्ये जनरल मोटर्सनं हायड्रामॅटिक आणला, मोठ्या संख्येनं बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुढची काही दशकं अशा गिअरबॉक्सच्या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत, कारण प्लेटा एकमेकींना झटका न देता पकडाव्यात हे काम ते अप्रतिम करायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं त्या तेलाची दारं बंद केली. व्हेलसाठी ते व्हायलाच हवं होतं. त्याच्या जागी आलेल्या नव्या तेलानं मात्र रेडिएटरमधल्या कूलरचे सांधे गंजायला लागले, आणि कृतीत पुन्हा बदल करावा लागला. तेल आणि कूलर यांचं एकमेकांवाचून चालत नाही, ते असं.

आपल्याकडे, भारतात, हा कूलर लोकांच्या फारसा ओळखीचा नाही. २०१४ च्या सेलेरिओपासून जी स्वस्त ऑटोमॅटिक घरोघर पोहोचली, तिच्यात हातानं टाकायचाच गिअरबॉक्स आणि साधा क्लच असतो, फक्त दाबण्या-बदलण्याचं काम यंत्र करतं. तिथे घुसळणारं तेलच नाही. चेरोकीच्या पिढीतल्या अमेरिकी गाड्यांचं तसं नव्हतं. ट्रेलर ओढण्याच्या सोयीसकट जे गाडी मागवत, त्यांना कारखानाच हा जादा कूलर लावून देई. म्हणजे गरज बनवणाऱ्यांना ठाऊक होती. मामांची गाडी त्या यादीत नव्हती, इतकंच.

त्याच्याकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. प्लेटा आधीच जळून घसरत असतील तर तो त्या बऱ्या करत नाही. त्याच्या फिनांत चिखल भरला तर मागच्या बाजूनं पाण्याची हलकी धार मारून धुवावा लागतो. जोराच्या धारेनं फिना आडव्या होतात. आणि कधी गिअरबॉक्स आतून फुटलाच, तर धातूचा चुरा तेलाबरोबर येऊन याच्या अरुंद वाटांत अडकतो. कितीही धुतलं तरी तो पूर्ण निघत नाही. तसाच ठेवला तर तो चुरा नव्या गिअरबॉक्समध्ये उतरतो. त्यामुळे गिअरबॉक्स बदलला की हाही बदलायचा. तो शंभर डॉलरच्या आत मिळतो. नवा बांधलेला गिअरबॉक्स हजारांच्या घरात जातो.