अमळनेर : लिहिणाऱ्या मास्तरांचं गाव

बडोद्याहून अमळनेर फार लांब नाही. सुरतेला गाडी बदलायची आणि भुसावळच्या मार्गाला लागायचं. वाटेत नवापूर येतं. या स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात आहे. फलाटावरचा एक बाक तर बरोबर सीमेवर! घरात मराठी, दारात गुजराती असलेल्या आपल्यासारख्यांनी तिथे एकदा तरी बसावं.

गेल्या डिसेंबरात बाबा, मी आणि माझी नऊ वर्षांची लेक असे तिघे निघालो. बाबांनी बडोद्यातल्या एका मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवलं. रोज रात्री जेवणं झाली की ते वहीत अर्धं पान लिहायचे. कुणाला भागाकार जमला, कोण उपाशी आला होता, मेथीची जुडी कितीला मिळाली. अशा १४ वह्या घरात आहेत. पटावर मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. बाबांचं लिहिणं चालूच आहे. अमळनेर पाहायची त्यांची जुनी इच्छा होती, ती साने गुरुजींमुळे.

गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. ते मुलांच्या खोल्या झाडत, अंथरुणं आवरत आणि त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहून काढत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. म्हणजे सगळ्या महाराष्ट्राने वाचण्याआधी त्यांचं लिखाण वसतिगृहातल्या मुलांनी वाचलं होतं.

गाव बोरी नदीच्या काठी आहे. सखाराम महाराजांचं देवस्थान नदीकाठीच आहे. १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिरही पाहण्यासारखं आहे. गुरुजींनी तिथेही अभ्यास केला होता. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला आणखी एक नवल वाटलं. विप्रोची सुरुवात याच गावात १९४५ साली झाली, तीही वनस्पती तुपाच्या कारखान्यातून! २०२४ चं मराठी साहित्य संमेलनही इथेच भरलं होतं.

दुपारी भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा. शेजारच्या टेबलावर अहिराणी चालली होती. लेकीने कान टवकारले.

“आबा, ही मराठीच का?”

“मराठीची शेजारीण,” बाबा म्हणाले.

रविवार असल्याने शाळा बंद होती. फाटकाबाहेर उभं राहून बाबा हातांनी लिहिलेल्या त्या दैनिकाबद्दल सांगत होते. लेक म्हणाली, “रोज एवढं लिहायचं, आणि वाचणार फक्त होस्टेलची मुलं?”

“ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी वाचलं की झालं.”

“मग तुमच्या वह्या कुणासाठी आहेत?”

बाबांनी लगेच उत्तर दिलं नाही. चष्मा पुसला. “शाळा होती तेव्हा वाटायचं, पुढे नव्या मास्तरांना उपयोगी पडतील,” एवढंच म्हणाले. मला त्या १४ वह्यांचं कपाट आठवलं. माझ्यानंतर घरात त्या वाचू शकेल असं कोणी नव्हतं. लेक मराठी छान बोलते, शाळेतल्या हिंदीमुळे तिला अक्षरंही येतात, पण हाताने लिहिलेलं मराठी पान तिच्यासमोर कधी आलंच नव्हतं.

आता रोज रात्री ती आबांशेजारी बसून एक पान वाचते. पहिल्या पानाला वीस मिनिटं लागली. जोडाक्षराला अडते, आबा सांगतात, मग पुढे जाते. सध्या पहिल्याच वहीत आहोत. परवा तिने विचारलं, “तो उपाशी आलेला मुलगा पुढे पास झाला का?” बाबांनी पान उलटलं आणि म्हणाले, “वाच, पुढे आहे.”

अमळनेरला जायचं तर हिवाळ्यात जा, भरिताची वांगी तेव्हाच चांगली मिळतात. एक दिवस पुरतो. घरातल्या आजी-आजोबांना मात्र बरोबर न्या.