भुईआवळीचे श्रेय

पावसाळा लागला की आमच्या माकुणसारच्या वाड्यांतून भुईआवळी आपोआप उगवते. केळींच्या आळ्यांत, पानवेलींच्या ओळींत, बांधांवर. कुणी पेरत नाही, कुणी राखत नाही. कावीळ म्हटली की भुईआवळी, हे समीकरण इथले मूल पाढ्यांच्या आधी शिकते. इथून केळवे रोड स्थानकावर गाडीत बसले की पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. तिथल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. एकाच घरातला एक भाऊ वाडी पाहतो आणि दुसरा कारखान्यात पाळी करतो. त्यामुळे ‘औषधाने बिघडलेले यकृत वनस्पतीने सावरते का?’ हा प्रश्न आम्हांला केवळ पुस्तकी वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या आत्याला क्षयरोग झाला. सहा महिन्यांचे उपचार ठरले. त्यातली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. तिसऱ्या आठवड्यात आत्याची अन्नावरची वासना उडाली, लघवी गडद झाली आणि डोळे पिवळे दिसू लागले. डॉक्टरांनी गोळ्या त्याच दिवशी थांबवल्या. संध्याकाळी काकी भुईआवळीचा पाला घेऊन आल्या. तो वाटून ताकातून द्यायचा, असे त्यांचे म्हणणे. आम्ही पाला तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारले. त्यांचे उत्तर आम्हांला अजून आठवते.

“पाला वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण गोळ्या बंद केल्या आणि लगेच पाला सुरू केला, तर पंधरा दिवसांनी आलेला गुण कशाचा, हे तुम्हांलाही कळणार नाही आणि मलाही. शिवाय याच गोळ्या मला पुन्हा एकेक करून सुरू करायच्या आहेत. तेव्हा बिघडले तर दोष कुणाला द्यायचा?”

काकी दुखावल्या. त्यांच्या सासूबाईंनी गावातल्या कित्येकांच्या काविळी ‘उतरवल्या’ होत्या. आत्याचे डोळे काही आठवड्यांत पाल्याविना निवळले, गोळ्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या आणि उपचार पूर्ण झाले. यावरून भुईआवळी निरुपयोगी ठरत नाही; एका रुग्णावरून काहीच ठरत नसते. पण सासूबाईंच्या यशाचे एक कारण मात्र उमगते. यकृत हा स्वतःला पुन्हा घडवणारा अवयव आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. औषधामुळे झालेली इजाही औषध वेळीच थांबवले तर बहुधा भरून येते. दुरुस्ती यकृत करते आणि श्रेय त्या वेळी वाटीत जे असेल त्याला मिळते.

हे श्रेय नेमके मोजायचे, तर तुलना हवी. तशी एक तुलना १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. मद्रासच्या थ्यागराजन प्रभृतींनी, हेपटायटिस बी विषाणूचे शोधकर्ते ब्लुमबर्ग यांच्यासह, त्या विषाणूच्या वाहकांना भुईआवळीची भुकटी महिनाभर दिली होती. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे प्रतिजन नाहीसे झाले. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या २३ जणांत हे एकाच्याच बाबतीत घडले. जगभर आशा पालवली, पण पुढच्या अनेक चाचण्यांत तो गुण पुन्हा दिसला नाही.

औषधांच्या विषारीपणावरचे बहुतेक प्रयोग तर उंदरांवरचे आहेत. पॅरासिटामॉलची अतिमात्रा देऊन यकृत दुखवायचे, जेंटामायसिन देऊन मूत्रपिंड दुखवायचे आणि भुईआवळी, कुटकी, पुनर्नवा किंवा गोखरूचा अर्क दिलेले उंदीर कितपत वाचतात ते पाहायचे. निष्कर्ष पुष्कळदा उत्साहवर्धक असतात. पण यांतल्या अनेक प्रयोगांत अर्क विषाच्या आधीपासून दिलेला असतो. उंदराला आधी ढाल मिळते, मग घाव. माणूस घाव बसल्यावर ढाल शोधत येतो. शिवाय अल्कोहोलमध्ये काढलेला, वजनाच्या हिशेबाने दिलेला अर्क म्हणजे काकींच्या ताकातला पाला नव्हे. याउलट पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर ॲसिटिलसिस्टीन खात्रीने चालते, कारण विष यकृतातले ग्लुटाथायोन संपवते आणि हे औषध नेमकी तीच शिबंदी पुन्हा भरते. तेही पहिल्या आठ तासांत दिले तर सर्वांत उत्तम.

वनस्पती निदान अपाय तरी करत नाही, हा समजही तपासून घ्यावा असा आहे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला. २०२१ साली मुंबईच्या डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, असा आक्षेप घेतला. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती पुढे आली. वाद काहीही असो, ‘झाडपाला म्हणजे निर्धोक’ हे विधान यापुढे बिनशर्त करता येणार नाही.

मूत्रपिंडांचे दुखणे याहून अबोल. यकृत निदान डोळे पिवळे करून हाक मारते. मूत्रपिंडांचे बरेचसे काम मंदावेपर्यंत क्रिॲटिनिनही फारसे हलत नाही. गुडघे धरले म्हणून वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेणारा बागायतदार सोबत ‘किडनीसाठी’ एखादा काढा घेऊन निश्चिंत होतो. आणि ती निश्चिंतीच अधिक घातक ठरते, कारण मग गोळीही थांबत नाही आणि रक्ततपासणीही होत नाही.

काकींचा पाला हा मायेचा होता, यात शंका नाही. मायेला पुरावा मागायचा नसतो. औषधाला मागावा लागतो. म्हणून आमच्या घरी आता एवढाच दंडक आहे: पोटात जे जाईल ते, गोळी असो की पाला, डॉक्टरांना सांगायचे. भुईआवळीत काही गुण असेलच, तर तो अशा नोंदींतूनच एक दिवस सिद्ध होईल. त्या दिवशी तिचे श्रेय तिला बिनतक्रार देऊ.