कंपनीची सीट

गाडीला कारखान्यातून जी सीट लागून आली तीच शेवटपर्यंत राहिली पाहिजे, या मताचा मी होतो. माझी सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत सीटचे सांगाडे तपासण्यात गेली. नळी वाकवायची, सीओटू वेल्डिंग करायचं, खाली रेल बसवायची आणि मग माल आमच्या टेबलावर गेज लावायला यायचा. दोन भोकांतलं अंतर जरा जरी चुकलं तरी सांगाडा बाजूला. त्यामुळे कुणी भंगारातली बकेट सीट आणून जुन्या पिकअपमध्ये ठोकलेली दिसली की माझा संताप व्हायचा. आज ते मत तसंच राहिलेलं नाही. त्यातलं काय गेलं आणि काय शिल्लक आहे, ते मोकळेपणानं सांगतो, कारण मोशी-चाकण पट्ट्यात माझ्यासारखा विचार करणारे गाडीमालक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या गाड्यांवरची पोरं संध्याकाळी कंबर धरून उतरतात.

माझ्या जुन्या मतामागे कारणं होती. नोकरीत असताना कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत सीट बेल्टच्या पकडीची चाचणी पाहायला मिळाली. माणसाच्या छातीच्या आणि कमरेच्या आकाराचे दोन ठोकळे सीटवर ठेवतात, त्यांच्यावरून बेल्ट आवळतात आणि यंत्रानं पुढे ओढतात. आपला एआयएस-015 हा नियम युरोपच्या आर14 वर बेतलेला आहे. आर14 मध्ये मोटारी आणि साडेतीन टनांपर्यंतच्या मालगाड्यांसाठी प्रत्येक ठोकळ्यावर 13,500 न्यूटनची ओढ सांगितली आहे, म्हणजे सुमारे 1,375 किलोंचा भार. बेल्टचं टोक सीटलाच जोडलेलं असेल तर सीटच्या वजनाच्या वीसपट ओढ त्यात आणखी धरायची. पत्रा फुगतो, कण्हल्यासारखा आवाज करतो, पण बोल्ट सुटायचा नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सीटकडे गादी म्हणून बघणं जमत नाही. मग कुणीतरी गॅरेजात अर्ध्या तासात दोन पट्ट्या वेल्ड करून त्यावर मोटारीची सीट बसवतो, ते सहन कसं व्हावं?

दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरची माहिती आणि कंपनीनं मुळात ठरवलेली माहिती यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. जुन्या पिकअपच्या आरसीवर तीन माणसं असतात, कारण पुढे अखंड बाकडा असतो. तो काढून दोन बकेट टाकल्या की तिनाचे दोन झाले. आणि तो तिसरा माणूस कोण? हमाल. गिअरचा दांडा दोन पायांत घेऊन बसणारा. त्याची जागा काढली की तो मागे हौद्यात मालावर बसणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

या दोन्ही कारणांवर मी आजही ठाम आहे. त्यांच्या आड आणखी एक गोष्ट होती, ती मात्र मनातून काढून टाकली. मालगाडीत आरामाची सीट म्हणजे चोचले, असं मला खरंच वाटायचं. पैसा घालायचा तर टायरला घाला, पाट्यांना घाला, क्लच प्लेटला घाला. ड्रायव्हर काय, बसतो कसाही.

माझा पुतण्या पिकअप चालवतो. पहाटे मंचरकडची भाजी मोशीच्या उपबाजारात, दिवसा भोसरीतून चाकणला जॉबवर्कचा माल. "काका, कंबर गेली माझी," असं तो म्हणायला लागला तेव्हा मी त्याला कुशन भरून घ्यायला सांगितलं. त्यानं भरलं. थोड्या दिवसांत ते पुन्हा बसलं. मग त्यानं बकेट सीटचा विषय काढला आणि मी तो तिथंच मोडला. घरात माझा शब्द चालतो आणि सीटमधलं मला कळतं असा सगळ्यांचा समज आहे, त्यामुळे तो गप्प बसला. त्याचं ते गप्प बसणं मला आज बोचतं.

एकदा तो तापानं पडला आणि माल पोचवणं भाग होतं, म्हणून गाडी मी घेतली. इंद्रायणीचा पूल ओलांडून चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा. हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना त्या कोंडीचं वर्णन नको. हातभर पुढे जायचं आणि थांबायचं, डावा पाय सतत क्लचवर. बाकडा पुढेमागे सरकत नाही. फोम बसलेला असल्यानं कंबर खाली जाते आणि गुडघे वर येतात, त्यामुळे पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो. क्लच दाबायला पाय लांबवला की पाठ टेकायला काही उरतच नाही. वळणावर गुळगुळीत रेक्झिनवरून अंग घसरतं, कारण कडेला आधार नाही. तेव्हा अंग सावरायला माणूस स्टिअरिंगलाच धरतो. पुतण्या रोज हेच करत होता.

परतताना गाडी रिकामी होती, आणि खरा त्रास तिथं कळला. पिकअपचे पाटे भरल्या वजनाचा हिशेब करून घातलेले असतात. हौदा रिकामा असला की गाडी उडते. उभ्या धक्क्यांतले सेकंदाला चार ते आठ वेळा येणारे हेलकावे माणसाच्या कण्याला सगळ्यांत जास्त लागतात, आयएसओ 2631 हे कंपनाचं मानक याच पट्ट्याला सर्वांत जास्त वजन देतं. हे मी नोकरीत वाचलेलं होतं. ते माझ्या कमरेनं त्या दिवशी वाचलं. तरीही मत पूर्ण फिरलं नव्हतं. फार तर फोम चांगला घालू, एवढंच मनात होतं.

मत फिरलं ते बाकडा उचलल्यावर.

पुतण्या बरा झाल्यावर आम्ही दोघांनी मोशीतच घरासमोर बाकडा खोलला. चार बोल्ट असायला हवे होते. होते तीन, आणि त्यातला एक कुणीतरी बदललेला, मापानं लहान, वायसर दोन घालून भोक भरलेलं. भोक गोल राहिलेलं नव्हतं, हलून हलून लांबट झालं होतं. खाली रबरी मॅट होतं, त्याच्याखाली पावसाळ्याचं पाणी साचत आलेलं. बोटानं दाबलं तर पत्र्याचा पापुद्रा सुटला. बाकडा उलटा केला तर नागमोडी स्प्रिंगांपैकी मधल्या तुटून लोंबत होत्या आणि त्यांच्या जागी कधीतरी पोतं कोंबलेलं होतं. सांगाड्याच्या पाठीच्या जोडाला, गिअरच्या बाजूला, वेल्डच्या कडेनं केसासारखी तड गेली होती. नोकरीत असताना अशी तड दिसली की मी लाल खडूनं फुली मारत असे.

मी ज्या सीटची बाजू लावून धरत होतो ती सीट त्या गाडीत राहिलीच नव्हती. चाचणी झाली होती ती नव्या फोमची, कोऱ्या पत्र्याची, पूर्ण चार बोल्टांची. इतक्या पावसाळ्यांनंतर तिथं राहिलं होतं ते कंपनीचं नाव आणि माझा हट्ट. आणि या सगळ्यावर रोज एक तरुण पोरगा बेल्ट लावून बसत होता. नुसत्या कुशनवाल्याकडे जाऊन हे कधीच कळलं नसतं, कारण तो वरचं रेक्झिन उसवतो आणि पुन्हा शिवतो. बोल्ट बघणं हे त्याचं काम नाही.

मग सीट शोधायला निघालो. पूर्वी असं काही हवं असलं की कुदळवाडीचा भंगारबाजार होता. 2025च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली हजारो पत्राशेड पाडली, व्यापारी पांगले. जे मिळालं ते बघितलं. मोटारीतून काढलेल्या सीट दिसायला देखण्या, स्वस्त आणि बसायला मऊ. मी त्यातली एकही घेतली नाही, आणि का ते सविस्तर सांगतो, कारण इथं पुष्कळ लोक फसतात.

पहिली गोष्ट बक्कलची. आजकालच्या बहुतेक मोटारींत बेल्टचं बक्कल सीटच्या सांगाड्यालाच लावलेलं असतं. गाडी आदळली की माणसाचा मोठा भार बक्कलमधून सीटच्या रेलवर आणि रेलमधून तळावर जातो. मोटारीत त्यासाठी सीटखाली आडवा जाड बीम दिलेला असतो. जुन्या पिकअपमध्ये बक्कल वेगळ्या जागी, तळातल्या मजबूत आट्यांत पक्कं असतं. सीटच्या रेलखाली नुसता पत्रा. तिथं मोटारीची सीट तिच्या बक्कलसकट बसवायची म्हणजे सगळी ओढ त्या पत्र्यावर सोपवायची. दुसरी गोष्ट पिवळ्या प्लगची. सीटच्या कडेला एअरबॅगची खूण शिवलेली असेल आणि खालून पिवळा प्लग लोंबत असेल तर त्या सीटमध्ये स्फोटक घटक आहे. ती उसवायला, कापायला, वेल्डिंगजवळ न्यायला घेऊ नये. तिसरी उंचीची. मोटारीची सीट बसकी असते. पिकअपमध्ये ती उंच करायला खाली स्टँड घालतात, आणि स्टँड जितका उंच तितका बोल्टवर पडणारा पलटवणारा जोर जास्त.

शेवटी घेतली ती पिकअपसाठीच बनवलेली नवी जोडी. ड्रायव्हरला स्वतंत्र बकेट, पुढेमागे सरकणारी, पाठ कमीजास्त कलणारी, हेडरेस्ट असलेली. आणि शेजारी दोघांची जोडसीट. म्हणजे आरसीवरची तीन माणसं तीनच राहिली आणि हमाल आतच बसला. पुतण्याला आधी लाल शिलाईच्या दोन बकेट हव्या होत्या. जोडसीट घेऊ म्हटल्यावर त्यानं एका शब्दानंही कुरकुर केली नाही. त्यालाही हमालाची काळजी होती, मीच त्याला हौशी समजून बसलो होतो.

बसवण्याचं काम मी उभं राहून करून घेतलं. गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा भरला, रंग मारला. सगळी भोकं जुळली नाहीत, जुळतही नाहीत. मिस्त्री म्हणाला, पट्टी वेल्ड करतो. मी नको म्हटलं. पातळ पत्र्याला जाड पट्टी वेल्ड केली की ओढ आल्यावर वेल्ड टिकतं आणि त्याच्या कडेनं पत्रा फाटतो. त्यापेक्षा तळाखालून तळहातापेक्षा मोठी जाड लोखंडी प्लेट, तिच्या कडा गोल केलेल्या, आणि बोल्ट वरून आरपार. बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं बघून घेतलं. कोरं डोकं असलेला बोल्ट सीटला लावायचा नाही. नट नायलॉकचे. बेल्टच्या मूळ जागांना हातही लावू दिला नाही. बेल्टचा बोल्ट सहसा 7/16 इंची, बारीक आट्यांचा असतो. त्याच्या जागी दुकानातला मापाजवळचा मिलिमीटरवाला बोल्ट पान्यानं दाबून बसवतात आणि आटे मरतात. नव्या सीटवर बसल्यावर जुना बेल्ट खांद्याच्या मध्यावरून आणि कमरेच्या हाडावरून जातो ना, एवढं बसून पाहिलं. रेक्झिन घेताना आयएस 15061, म्हणजे आतलं कापड किती भरभर पेटतं त्याचं मानक, दुकानदाराला विचारलं. केबिनमध्ये विडी ओढणारे असतात.

सगळ्याला मिळून टायरच्या नव्या जोडीपेक्षा फार वेगळा खर्च आला नाही. चाकणहून परतताना आता पुतण्याची पाठ टेकलेली असते. त्याचं दुखणं पूर्ण गेलंय असं मी म्हणणार नाही. पाटे तेच आहेत आणि रस्ताही तोच आहे.

1 ऑक्टोबर 2025 पासून नव्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. ड्रायव्हरच्या शरीराचा विचार नियमात आला याचा मला मनापासून आनंद आहे. पण साडेतीन टनांच्या आतल्या पिकअपला ती सक्ती नाही, आणि या पट्ट्यातला भाजीपाला आणि जॉबवर्क त्यांच्यावरच चालतं. इथल्या कारखान्यांत सीट बनतात, इथंच भोसरीला सीआयआरटी ही वाहतूक-संशोधन संस्था आणि पुण्यात एआरएआय आहे, आणि इथलीच पोरं पोत्यावर बसून गाडी हाकतात. हे मला पटत नाही.

जुनी सीट बदलू नका, असं आता मी कुणाला सांगणार नाही. हव्या त्या सीट ठोका, असंही नाही. आसनसंख्या बदलू नका, आणि काही करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मोशी-चिखली-चाकणच्या गाडीमालकांना माझी एवढीच विनंती आहे. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दर वर्षी पासिंग असतं. पुढच्या पासिंगच्या आधी टायर बघाल, ब्रेक बघाल, तेव्हा पाना घेऊन सीटही उचला आणि मॅट काढून खालचे बोल्ट मोजा. आणि एक दिवस ती गाडी रिकामी घेऊन स्वतः चाकणला जाऊन या.