ग्दिन्याची वीज आणि कागदाची बोट

दोस्तांनो, घडीची होडी तुम्ही पहिल्या पावसात सोडलीच असेल. पण तोफा, शिड्या, दोऱ्यांचे कठडे असलेली आणि करायला कित्येक महिने लागणारी कागदाची युद्धनौका पाहिलीय? तिचं वेड बघायचं तर पोलंडला जायला हवं. (कोल्हापूरकरांनो, तुमच्या आजीला विचारा. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहत होते!)

तर चला बाल्टिक समुद्राकाठच्या ग्दिन्याला. १९२० साली हे मासेमारीचं एक खेडं होतं. पोलंडला समुद्रकिनाऱ्याची छोटीशी पट्टी मिळाली, तिथे बंदर बांधलं, आणि १९२६ मध्ये ग्दिन्या शहर झालं. धक्क्यावर उभी आहे 'ब्विस्काव्हित्सा', म्हणजे वीज. तिच्या जुळ्या बहिणीचं नाव होतं 'ग्रोम', म्हणजे गडगडाट! जगात जपून ठेवलेल्या विनाशिकांमध्ये ही वीज सर्वांत जुनी. लांबी ११४ मीटर, वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर.

तिचा जन्म इंग्लंडमधल्या काउझ गावचा. १९३६ साली ती पाण्यात उतरली. ३० ऑगस्ट १९३९ ला ती ब्रिटनकडे निघाली आणि दोनच दिवसांनी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. 'ग्रोम' १९४० मध्ये नॉर्वेजवळ बुडाली. मे १९४२ मध्ये 'वीज' दुरुस्तीसाठी काउझलाच होती. त्या रात्री गावावर बाँब पडू लागले. जहाजाने धुराचा पडदा पसरला आणि रात्रभर तोफा डागल्या. त्या इतक्या तापल्या, की नदीचं पाणी ओतून गार कराव्या लागल्या! जिथे जन्मली ते गावच तिने वाचवलं म्हणा ना. १९४७ मध्ये ती मायदेशी परतली. तिचे बरेच खलाशी मात्र परत गेलेच नाहीत. १९७६ पासून ती संग्रहालय आहे. इंजिनखोलीत उतरून बघता येतं, आणि वर आल्यावर मोकळ्या हवेची किंमत कळते!

आता कागदाकडे येऊ. कम्युनिस्ट राजवटीत पोलंडमधल्या मुलांना प्लॅस्टिकचे तयार सांगाडे सहज मिळत नसत. कागद मात्र स्वस्त. १९५७ पासून 'मावी मोडेलाश', म्हणजे 'छोटा मॉडेलकार', हे मासिक निघू लागलं. त्यात जहाजाचे, विमानाचे तुकडे छापलेले असत. कातर काढा आणि बसा! खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरालाही स्वतःची युद्धनौका मिळू लागली. मला विचाराल, तर विकतच्या प्लॅस्टिकपेक्षा हीच जास्त आपली वाटते.

जहाजांचं प्रमाण बहुधा १:२०० असतं. म्हणजे खरे दोन मीटर तुमचा एक सेंटिमीटर. 'वीज' होते ५७ सेंटिमीटरची, आणि तिच्यावरचा खलाशी ९ मिलिमीटरचा. मोठ्या बोटींचे तुकडे हजारावरही जातात.

आधी पाठीचा कणा. जाड पुठ्ठ्याची एक लांब पट्टी, तिला खाचा पाडून आडव्या फासळ्या. इथे मात्र घाई नको बरं का! एखादी फासळी मिलिमीटरभर तिरकी बसली, की पुढे सगळं जहाज पिळलेलं दिसतं, आणि तोवर तुमचे तीन महिने गेलेले असतात. सांगाडा काचेवर ठेवून सरळ आहे ना ते बघा. मग वरचा डेक, आणि त्यानंतर बाजूचे पत्रे, मधून टोकांकडे. नाकाडाजवळचे तुकडे वळणदार असतात. तिथे कित्येकांचा धीर सुटतो. एक युक्ती सांगतो: चिकटवण्याआधी तुकडा पेन्सिलीवर गुंडाळून वळण द्या. घडीच्या रेषेवर संपलेली रिफिल फिरवा, घडी नेमकी बसते. पाणीदार डिंक नको, कागद फुगतो. तोफेची नळी म्हणजे सुईभोवती गुंडाळलेली कागदाची चिंधी. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, त्यांना जलरंग लावा. नाहीतर बोटीला चुना लावल्यासारखं वाटतं.

ग्दिन्यातच 'दार पोमोझा' हे तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाजही आहे. १९०९ मध्ये हांबुर्गला बांधलेलं, पुढे पोमेरानियाच्या लोकांनी वर्गणी काढून विकत घेतलेलं. फार देखणं! पण त्याच्या दोऱ्यांचं जाळं बघितलंत, की कळेल. पहिली बोट म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका.