हॉल घेणाऱ्याचा विमा भाड्यातच हवा

सार्वजनिक कार्यक्रमांच्या आयोजनात वावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. हॉल भाड्याने देताना डिपॉझिट घेतात, तसा घेणाऱ्याच्या दायित्वाचा विमाही भाड्यातच धरला पाहिजे. मंगल कार्यालयांच्या आणि सोसायटी हॉलच्या पावतीमागे नियम छापलेले असतात. खुर्ची मोडली तर किती, ताट-वाटी हरवली तर किती, भिंतीला खिळा ठोकला तर किती, सगळ्याचे दर तिथे असतात. माणसाला इजा झाली तर काय, याबद्दल मात्र बहुधा एकच वाक्य सापडतं: कार्यक्रमाच्या काळात होणाऱ्या कोणत्याही अपघातास कार्यालय जबाबदार राहणार नाही. त्याखाली यजमान सही करतो. पण हात धुण्याच्या जागी सांडलेल्या पाण्यावरून घसरून ज्यांचं खुब्याचं हाड मोडतं, त्या आत्याबाईंनी कुठे सही केलेली असते? करारातली अट करार करणाऱ्यांपुरती असते. पाहुण्याचा भरपाई मागण्याचा हक्क तिने बुडत नाही. त्या वाक्याने होतं इतकंच, की ओझं यजमानाच्या दिशेने सरकतं आणि आपण ते पत्करलं आहे याची त्याला कल्पनाही नसते.

हे ओझं केवढं असू शकतं, ते न्यायालयांच्या निकालांत दिसतं. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या मंडी डबवालीत एका शाळेचं स्नेहसंमेलन लग्नाच्या हॉलवर चालू असताना मंडपाला आग लागली. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त लहान मुलं होती. जागा शाळेच्या मालकीची नव्हती. तरीही २००९ साली पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने भरपाईतला वाटा सरकारी यंत्रणांबरोबर शाळा चालवणाऱ्या संस्थेलाही द्यायला लावला. मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १० एप्रिल २००६ रोजी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाला आग लागून साठाहून अधिक लोक दगावले. मंडप, वीज, बैठक हे सारं कंत्राटदाराकडे सोपवलं होतं, तेव्हा जबाबदारीही त्याचीच, असं आयोजकांचं म्हणणं होतं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं आणि भरपाईत आयोजकांचा वाटा ६० टक्के, राज्य सरकारचा ४० टक्के ठरवला. ‘डेकोरेटर बघून घेईल’ हे आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हॉलमालकाचा विमा असतोच. असला तरी तो प्रामुख्याने मालकाच्या चुकीसाठी असतो. छताचा तुकडा पडला, जिन्याचा कठडा निखळला, तर तो उपयोगी पडेल. यजमानाच्या माणसांनी गालिच्याखालून वायर ओढली, दाराशी जिलबीची कढई मांडली, बाहेर पडायच्या वाटेवर खुर्च्यांची रांग लावली, तर ती चूक मालकाची नाही. अशा वेळी मालकाच्या विमा कंपनीने पैसे दिले, तरी ती ते यजमानाकडून वसूल करायला जाऊ शकते. म्हणूनच पॉलिसीत हॉल घेणाऱ्याचाही समावेश हवा. आणि ती हॉलनेच वर्षाची एकदम काढावी. मुलीच्या लग्नाची धावपळ करणाऱ्या बापाला चार कंपन्यांचे अर्ज भरायला सांगणं व्यवहार्य नाही; मालकाने हप्ता वर्षाच्या तारखांवर वाटला, तर तो भाड्यात सामावून जाईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: विमा आहे म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील. विमा फौजदारी गुन्ह्यापासून वाचवत नाही, हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं विमा कंपनीच्या प्रश्नांत आहे. हॉलची क्षमता किती, अग्निशमन दलाचा दाखला आहे का, तात्पुरती वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनने केली आहे का, असे प्रश्न कंपनी पैशाच्या हिशोबाने विचारते आणि अटी मोडल्या तर दावा नाकारू शकते. पालिकेचा निरीक्षक प्रत्येक मुहूर्ताला येऊ शकत नाही. पॉलिसीची अट मात्र प्रत्येक कार्यक्रमाला लागू असते.

आपल्याकडे दावा करतो कोण, असंही विचारलं जातं. नात्यातला माणूस मांडवात पडला तर तो नोटीस पाठवत नाही, हे खरं. पण मग शस्त्रक्रियेचा खर्च तो मुकाट्याने सोसतो, आणि ज्यांच्या घरचं कार्य त्यांना ते आयुष्यभर टोचत राहतं. हे मला कायद्याच्या धाकाहून मोठं कारण वाटतं. कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. भोपाळच्या वायुगळतीनंतर आलेला १९९१चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांपुरता आहे. रस्त्यावर स्कूटर आणायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आठशे माणसं एका छताखाली जेवायला बसवायची तर तशी सर्वसाधारण सक्ती नाही.

असा विमा मिळत नाही, असंही नाही. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२५च्या गणेशोत्सवासाठी सुमारे ४७४ कोटींचं विमाकवच घेतलं. त्यातले ३० कोटी सार्वजनिक दायित्वाचे होते आणि सर्वांत मोठा भाग स्वयंसेवक, पुजारी, आचारी यांच्या अपघात विम्याचा. अमेरिकेत शाळेचं सभागृह भाड्याने घेताना मराठी मंडळांना विम्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यावर शाळेचं नाव असावं लागतं, हे तिथल्या कार्यकर्त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. इथे सुरुवात गृहनिर्माण सोसायट्यांनी करावी. हॉलचे दर वार्षिक सभेत ठरतात, त्याच ठरावात विमा घालता येईल. फक्त पॉलिसी घेताना अन्नातून होणारी विषबाधा तिच्यात धरली आहे का, हे विचारून घ्यावं; अनेकदा ते कलम वेगळं मागून घ्यावं लागतं.