काळी माती आणि जीपचे चाक

जालना जिल्हा तसा वयाने लहान. १ मे १९८१ रोजी तो तेव्हाच्या औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. उत्तरेकडे पूर्णा, मधून दुधना आणि दक्षिणेच्या सीमेवर गोदावरी. सोने का पालना असे ज्याचे कौतुक होते, त्या जालना शहरात बी-बियाण्यांचा आणि लोखंडाचा व्यापार चालतो. पण शहर सोडून अंबड-घनसावंगीकडे निघालात की दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू होते, आणि प्रवाशाला पहिला प्रश्न पडतो तो चाकाचा!

हा प्रश्न आजचा नव्हे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या आसईला लढाई झाली, तेव्हा वेलस्लीला केळना नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, उतार नाही. त्याने समोरासमोर दोन काठांवर दोन गावे पाहिली आणि ताडले, की ज्याअर्थी गावे आहेत त्याअर्थी येणे-जाणे असणार, म्हणजे उतार असलाच पाहिजे. तो होताही! या मुलुखात माणसाची वाट चाकाने शोधलेली असते, हेच खरे.

काळ्या जमिनीचा स्वभाव मोठा लहरी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. पावसात ती फुगते आणि लोण्यासारखी निसरडी होते. जुन्या सुतारांनी हा स्वभाव ओळखून बैलगाडीचे चाक उंच आणि अरुंद केले, त्यावर लोखंडी धाव चढवली. उंच चाक खड्ड्यात कमी पडते, अरुंद चाकाला चिखल कमी चिकटतो.

हे सारे आठवण्याचे कारण माझ्या भाच्याची जीप. घनसावंगी तालुक्यात माझ्या बहिणीचे शेत आहे, आणि डांबरी सडकेपासून आखाड्यापर्यंत पांदण. मागच्या श्रावणात भाच्याच्या आजीला रात्री छातीत दुखू लागले. पाऊस धो धो. चौघांनी म्हातारीला बाजेवर घालून सडकेपर्यंत नेले. म्हातारी वाचली, पण पोराच्या मनाने घेतले, की घरच्या जुन्या जीपला मोठी चाके बसवायचीच. पाटे वाढवून तिची चौकट आधीच उंच केली होती.

१९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून या घराण्याच्या गाडीला ६.००-१६ मापाचा टायर शोभत आला. सहा इंच रुंद, सोळा इंची रिम. टायरची उंचीही रुंदीइतकीच, म्हणून सहा, सोळा आणि सहा मिळून चाक सुमारे २८ इंचांचे. भाच्याला हवा होता ३१ इंची, साडेदहा इंच रुंद.

"मामा, गाडी तीन इंच उंच होईल!" तो म्हणाला.

जालन्याचा मिस्त्री हसला. "भाऊ, दीडच इंच. चाक वाढते तीन इंच, पण आस मधोमध असतो."

आणि मग त्याने जो पाठ दिला तो कॉलेजात मिळणार नाही. पाटे वाढवले की चौकट वर जाते, आस नाही. दगडाला आपटतो तो आसाच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोल डबा. तो उचलतो फक्त टायर. पाट्यांनी मोठ्या टायरला जागा तेवढी मिळते. पण चाक ३१ इंची झाले, की मीटर साठ दाखवील तेव्हा गाडी सहासष्टने धावत असेल. इंजिनाला चढ जड जाईल, आणि जुन्या ड्रम ब्रेकला तीच गाडी थांबवायला दहाव्या हिश्श्याहून जास्त जोर लावावा लागेल. रुंद चाक स्टिअरिंग पूर्ण वळवले की चौकटीला घासते ते निराळेच.

"मग ट्रॅक्टरचे पुढचे टायर लावू? तेही ६.००-१६ च की," दाजी म्हणाले.

"नको, दादा. माप तेच, जात वेगळी. ते शेतातल्या हळू चालीचे. सडकेच्या वेगाला ते नाहीत."

शेवटी ठरले ते मधले माप, २३५/७५ आर १५: २३५ मिलिमीटर रुंदी, तिच्या पाऊणपट उंची, पंधरा इंची रिम. चाक सुमारे २९ इंचांचे होते. रिमचे पाच बोल्ट जुन्या हबाला जुळतात ना, आणि रिम ड्रमवरून मोकळी फिरते ना, हे मिस्त्रीने आधी पाहिले. मूळ मापापासून दूर जाण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे बंधन आहे. तेव्हा परिवहन कार्यालयात विचारून मगच हात घालायचे ठरले.

"पण आजीला पावसात न्यायचे कसे?" भाच्याचा खरा प्रश्न तोच होता.

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भिजलेल्या काळ्या मातीला २९ काय आणि ३१ काय! मोठ्या टायरांचे जे पैसे वाचले, त्याचा मुरूम आणू. पांदणीचा ओढ्याजवळचा तुकडाच तेवढा वाईट आहे."

दसऱ्याच्या आधी मुरूम पडला. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनीही आपापले ट्रॅक्टर लावले. परवा भाच्याचे पत्र नव्हे, फोन आला: "मामा, आजी जीपमध्ये पुढे बसून जांबेला समर्थांच्या दर्शनाला जाऊन आली."